हाक्यातली ढोलकी

मित्रांनो, शिवणीच्या खोडातून कोरलेली मी एक जुनी ढोलकी. कुरखेड्याकडच्या एका गावात, चुलीमागच्या खुंटीवर असते. माझं बोलणं कडवट लागेल; मी चुकतही असेन. तरी ऐका.

सिंदेवाहीच्या सुताराकडून मला लटारूने आणलं. लटारू तळ्यात मासे धरणारा ढीवर. पण दिवाळीनंतर गावात नाचगाण्याची दंडार उभी राहिली की नाचणाऱ्यांची नजर त्याच्या बोटांवर असे. त्याने स्वतःचा एक ठेका बसवला होता. तो चालता चालता मध्येच अडायचा आणि मग उसळून पुढे धावायचा. त्या ठेक्यावर आपली स्वतःची दंडार उभी करायची, कुरखेड्याला दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाचवायची, एवढंच त्याचं स्वप्न होतं.

एकोणीसशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यात तळं आटलं. बायको गोकुळा म्हणाली, "ठेका शिजवून वाढू काय पोरायले?"

लटारू शिकारीच्या कॅम्पवर हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवायच्या कामाला, लागला. सोबत मला नेलं.

त्या शिकारीची थोरवी सांगते. शहरातला साहेब मचाणावर बसून थर्मासमधला चहा पिई. आमच्या गावची साठ अनवाणी माणसं रांग धरून, आरडाओरडा करत वाघाला त्याच्या पुढ्यात नेऊन पोचवत. साहेब बोट दाबी. मग मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेई. याला शौर्य म्हणत!

मुकादमाने पहिल्याच दिवशी लटारूच्या हाती दांडकं दिलं. "ताल नको. गोंगाट पाह्यजे." बोटांनी बोलणारी मी, बडवली जाऊ लागले.

एका सकाळी ऐन हाक्यात दांडकं मोडलं. लटारूने बोटं टेकवली आणि सवयीने त्याचाच ठेका आला. रांगेतली सगळी माणसं दंडारीची. लटारूच्या शेजारी चालणाऱ्या मंगरूने पहिला पाय उचलला, मग साऱ्यांनी. ठेका अडला तशी साठ माणसं एका पायावर अडली. रांग वळून गोल झाली, आणि मोकळ्या बाजूने वाघ सावकाश निघून गेला. त्या दिवशी जंगलात अक्कल असलेला तो एकटाच होता.

मुकादम धावत आला. "काऊन रे, हाक्याले आला का नाचाले? उद्या दांडकं घेऊन ये, नाई तं येऊच नको!"

परतीच्या वाटेवर मंगरूला हसू आवरेना. "लटारूभाऊ, तुह्या ठेक्यानं वाघ वाचला ना गा! सोड हे काम. पावसाळ्यात संगं धानाच्या रोवणीले जाऊ, दिवाळीले दंडार उभी करू. मी नाचतो."

लटारू थांबला. मग त्याने वाटेवरच्या झाडाची दांडक्याएवढी एक फांदी तोडली आणि चालता चालता तिची साल काढू लागला.

पुढे तो हाकेवाल्यांचा मेट, म्हणजे म्होरक्या, झाला. त्याला खाकी कोट मिळाला. पितळी गुंड्या राखेने घासत तो म्हणायचा, "नाचगाणं म्हंजे रिकामटेकड्यायचं काम." त्याची पोरं पोटभर जेवत होती, हे मला दिसत होतं. तरी त्या गुंड्यांचा तिटकारा आला तो गेला नाही. आणि मी तरी कोण मोठी? पहिल्या दांडक्यालाच फुटून जायला हवं होतं. मी ढबढब करत राहिले.

पाच वर्षांनी, दिवाळीत, मंगरू गावची दंडार घेऊन दाराशी आला. "भाऊ, तो तुहा ठेका दे आमाले. यंदा मंडईत नाचवतो."

"वाजव ना, बाबा!" लटारूची लेक कुंताही मागे लागली.

लटारूने मला मांडीवर घेतलं. सुरुवात बरोबर आली. जिथे ठेका अडायचा तिथे बोटं अडली, आणि पुढे गेलीच नाहीत. त्याने पुन्हा धरलं. तिसऱ्यांदाही तिथेच.

"भुललो गा, आठवतच नाई," तो म्हणाला. कोट चढवून कॅम्पवर निघून गेला.

मित्रांनो, पोटासाठी राबावंच लागतं. पण रोज घटकाभर तरी बोटांना त्यांचं स्वतःचं काम द्या. तो ठेका मला अजून पाठ आहे. पण मला हात नाहीत.