पंचवीस किलोची बोरी

पाय पुसायला थांबलाच आहात मित्रांनो, तर घटकाभर माझंही ऐका. मी एक जुनी गोणी आहे. इकडचे लोक मला बोरी म्हणतात. कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, प्रयागबाईंच्या दाराशी मी पायपुसणं होऊन पडले आहे. चिखल पुसून पुसून अंग काळं पडलं. पण जरा वाकून पाहा, पांढऱ्या रंगातला '२५' हा आकडा अजून दिसेल. तो पुसला जात नाही. जावा, असं मला फार वाटतं.

शेतात मी ताग होते तेव्हा हिरवी होते, वाऱ्यावर डोलत होते. मग मला पाण्यात कुजवलं, सोललं, विणलं आणि गहू भरून रेल्वेनं नागपूरला पाठवलं. गहू संपला, मी रिकामी झाले. रिकाम्या बोरीला कोण विचारतं?

विचारलं ते महादेवराव सरांनी. वसाहतीच्या शाळेत ते कसरतीचे मास्तर. तरुणपणी आखाड्यात घुमलेले. अंगावर अजून तांबडी माती असल्यासारखे ताठ चालायचे. १९७९च्या हिवाळ्यात त्यांनी नववी-दहावीच्या पोरांचा फुटबॉलचा संघ उभा केला. शाळेकडे लोखंडी वजनं नव्हती. वीजकेंद्राची राख मात्र हवी तेवढी होती.

"राख भरा बोरीत," सर म्हणाले. "खांद्यावर घ्या अन् बैठका मारा. पायात जोर आला का चेंडू आपोआप पळते."

मला शिवलं प्रयागबाईंनी. त्यांचा कवडू संघात पुढच्या फळीत खेळायचा. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हा झाल्याबरोबर सुईणीच्या ओटीत टाकला आणि एका कवडीला परत विकत घेतला. तेव्हापासून तो कवडू. राख गळू नये म्हणून त्या माउलीनं जुन्या लुगड्याचं जाड अस्तर मला आतून लावलं. दाभण ओढता ओढता गुणगुणत होती:

घालते मी टाका बाई, सुतळी दुहेरी,
माह्या कवडूले देवा, येऊ दे उभारी.

नत्थूजींच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मला तोललं. बरोबर पंचवीस किलो. सरांनी स्वतः ब्रश घेऊन माझ्या छातीवर आकडा लिहिला. त्या दिवशी मी किती मिरवले म्हणून सांगू!

रोज पहाटे पोरं मला आळीपाळीनं खांद्यावर घेत. पन्नास बैठका, मग पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या. नियम एकच, आखाड्यातून आणलेला: मोजणी संपण्याआधी जो बोरी जमिनीला टेकवील, त्याचं नाव कापलं. पहिल्या आठवड्यात कवडूचे पाय लटलट कापायचे. उन्हाळ्यापर्यंत तो मैदानाच्या मध्यातून मारलेला चेंडू जाळीत घालू लागला. "काय पाय हाय गा पोराचा!" लोक म्हणत, आणि सर माझी पाठ थोपटत.

मग श्रावण आला. जिल्ह्याच्या संघाची निवड नागपुरात व्हायची होती, चार दिवसांवर. कवडूला दुसरं काही दिसत नव्हतं. आठ दिवस झड लागली होती, आणि मी खेळाच्या खोलीत, गळक्या टिनाखाली. राख किती पाणी पिते, ठाऊक आहे? तहानलेलं ढोर पितं तशी पिते. प्रयागबाईंचं अस्तर एक थेंब बाहेर सोडत नव्हतं. मी फुगत गेले. छातीवर मात्र लिहिलेलंच होतं, पंचवीस.

त्या सकाळी मला उचलताना प्रत्येक पोराचा चेहरा पिळवटला, पण नाव कापलं जाईल म्हणून कुणी बोललं नाही. कवडू बोलला.

"सर, बोरी जड लागून राहिली जी."

गोलकीपर ओमप्रकाश खिदळला, "अबे कवड्या, राख उचलून राहिला का कोयल्याचा ट्रक?"

"काहून गा?" सर पुढे आले. "काय लिहून हाय तिच्यावर?"

"पंचवीस जी."

"मंग? बोरी जड नाही झाली, तू नरम पडला. आज शंभर मार."

मला ओरडायचं होतं, मित्रांनो. बोरीला तोंड असतं, पण तेही सुतळीनं शिवलेलं.

त्रेसष्टाव्या बैठकीला त्याचा गुडघा आतल्या आत फिरला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. तो चिखलात पडला, मी त्याच्यावर. माझे दोन्ही कान, म्हणजे शिवलेल्या तोंडाची टोकं, त्यानं घट्ट धरून ठेवले होते. "टेकवली नाही जी," तो म्हणाला. "टेकवली नाही."

त्याला दवाखान्यात नेलं. दुपारी प्रयागबाई मैदानावर आल्या. रडल्या नाहीत. मला उचलू पाहिलं, मी हललेच नाही. ओमप्रकाशनं मान खाली घालून मला सायकलवर लादलं आणि नत्थूजींच्या दुकानात आणलं. मागून सरही आले.

काटा थांबला. नत्थूजी हळूच म्हणाले, "एकेचाळीस."

सरांनी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला, मग माझ्या छातीवरचा. "पण लिहून तं पंचवीस होतं," ते पुटपुटले.

"लिहिलं तुमी," प्रयागबाई म्हणाल्या. "अस्तर लावलं मी. उचललं त्यानं."

रविवारी संघाची बस कवडूशिवाय शहरात गेली. त्याचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. पुढच्या वर्षी शाळेत लोखंडी वजनं आली. माझी राख प्रयागबाईंनी नाल्यात ओतली, अस्तर चुलीत जाळलं आणि मला दाराशी अंथरलं.

सहा वर्षं झाली. महादेवराव सर दर दिवाळीला येतात. बाहेर चप्पल काढतात आणि मला ओलांडून आत जातात. आकड्यावर पाय पडू देत नाहीत. कुणी म्हणेल, केवढा हा मान! हाच मान एकदा पोराच्या शब्दाला दिला असता तर?

मित्रांनो, तुम्ही खेळा, अंगात बळ भरा. उद्या तुमच्यातलेच काही मास्तर व्हाल. तेव्हा कुणी पोर म्हणालं, जड लागतं, तर आकडा वाचून दाखवू नका. आधी वाकून स्वतः उचलून पाहा.

संध्याकाळ झाली. समोरच्या मैदानावर पोरं खेळताहेत, आणि कवडू नाल्याच्या पुलावर बसून त्यांचा खेळ पाहून परत येतो आहे. पावलांवरून ओळखते मी त्याला. एक पाऊल पडतं, दुसरं घासत येतं. आता तो दाराशी थांबेल आणि तो दुसरा पाय नेमका त्या आकड्यावर पुसेल. रोज पुसतो.