रिकाम्या पंपाचा आवाज

कपाट विकून सात महिने झाले होते, तरी घरातली दोघंही त्या जागेला वळसा घालूनच जायची. घड्याळजी तर खांदासुद्धा आत घ्यायचे, कोपरा लागू नये म्हणून. त्यांच्या डायलिसिसपायी एकेक वस्तू गेली होती; तिची सावली मात्र कुणी विकत घेतली नव्हती.

दुपारी पाहणीवाल्या बाई आल्या. वर्षातून एकदा त्याच त्या घरांत जाऊन घरखर्चाचे तेच ते प्रश्न विचारायचे, हे त्यांचं काम.

"या ताई, बसा. जमिनीवरच बसा. खुर्च्या माझ्या रक्ताबरोबर गाळल्या गेल्या," पडद्यामागच्या खाटेवरून घड्याळजी म्हणाले.

"अहो, तुमचं आपलं काहीतरीच!" बायको शिवणाच्या मशीनवरून उठली.

"दूध?" बाईंनी सुरुवात केली.

"अर्धा लिटर."

"मागच्या वर्षी एक होतं." बाईंनी कागदावरून मान वर केली नाही. "सगळीकडे हेच बघते. डोंगरातल्या वस्तीत जा, नाहीतर भर शहरात. दुखणं आलं की आधी दूध कमी होतं, मग फळं. तुमचा दम्याचा पंप? मागच्या वर्षी महिन्याला एक."

डायलिसिसच्या पहिल्याच दिवशी घड्याळजींनी बायकोला बजावलं होतं, "माझ्यापायी तुझ्या तोंडचं काही काढलंस, तर मी त्या यंत्राकडे फिरकणार नाही." म्हणून ती रोज सकाळी त्यांच्या देखत पंप ओढायची. रिकामाच. फुस्स आवाज तेवढा व्हायचा.

तिनं पडद्याकडे पाहिलं आणि बोटांनी गोल करून दाखवला. पण लिहिण्याआधी प्रत्येक उत्तर मोठ्यानं म्हणायचं, ही बाईंची वीस वर्षांची सवय.

"दम्याचा पंप, शून्य."

पडद्यामागे खाट एकदा करकरली.

बाई गेल्यावर घड्याळजींनी पंप मागितला. बंद पडलेलं घड्याळ हलवून बघावं तसा कानाशी धरून हलवला.

"कधीपासून?"

"तीन महिने."

"कारागीर आहेस. माझ्या कानाला फसवलंस."

पुढे ते रागावले नाहीत, याचीच तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती. ते एकटेच जातो म्हणाले. ती शिवलेले पडदे पोचवून आली, तर ते खाटेवर होते, पायांत चपला तशाच. उशीवर नवा पंप.

"अहो, गेला होतात ना?"

"गेलो होतो की. औषधाच्या दुकानापर्यंत." ते हसले. "यंत्र कुठं पळून जातंय? पुढच्या पाळीला जाऊ. घे, माझ्यासमोर घे."

आता वादात अर्थ नव्हता. तिनं पंप ओढला. थोड्या वेळानं छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उचलल्यासारखं झालं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या छातीतली शीळ थांबली.

"बघ, घर कसं शांत झालं," ते म्हणाले.

तेव्हा तिला ऐकू आलं. त्यांच्या प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक बुडबुडे फुटत होते. पाणी उकळायच्या जरा आधी भांड्यातून येतो, तसा आवाज. यंत्रानं काढून टाकायचं पाणी छातीत चढलं होतं.

तिनं त्यांना उशा लावून बसतं केलं आणि ती कुणाची तरी गाडी मागायला रस्त्यावर धावत सुटली. चौकापर्यंत धावली. तिला जराही धाप लागली नाही.