थर्मनच्या नावाचं जेवण

"तो कोट काढ, थर्मन," व्हर्ना म्हणाली. "जरा हाडं दिसू देत लोकांना."

थर्मन नेपियर अग्निशमन केंद्राच्या दारात उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी आणि वरून मुलीच्या लग्नात घेतलेला करडा कोट. कोट आता खांद्यांवरून ओघळत होता, पण आतला माणूस किती वाळलाय ते त्याने झाकलं जात होतं. व्हर्नाची तक्रार नेमकी तीच होती.

आमच्या गावात कोणाला मोठं दुखणं निघालं की त्याच्या नावाने जेवण घालतात. बंब बाहेर रस्त्यावर नेऊन उभे करायचे, आत लांब टेबलं मांडायची, डुकराचं हाड घालून शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव, तळलेले बटाटे. लोक ताटाचे पैसे देतात, ते आजाऱ्याकडे जातात. या जेवणांचा स्वयंपाक वर्षानुवर्षं व्हर्नाच्याच हातात आहे आणि तिला यातलं सगळं कळतं. आजारी माणूस फार टुणटुणीत दिसला तर लोक हात आखडता घेतात. फारच खंगलेला दिसला तर आता काय उपयोग म्हणून आखडता घेतात. मधलं काहीतरी दिसावं लागतं.

"मी लोकांकडे मागायला आलोय, व्हर्ना," थर्मन म्हणाला. "निदान कपडे तरी नीट असू देत."

ती पुटपुटत पातेल्याकडे गेली. थर्मन दाराशेजारच्या खुर्चीत बसला. ज्याच्या नावाचं जेवण त्याने दारात बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, अशी रीत आहे.

मी एस्टिल कोम्ब्ज. तंबाखूच्या वखारीत लिलाव पुकारण्यात माझी हयात गेली. वखार बंद पडली, आता हा घसा फक्त या जेवणांनाच लागतो. कारण ताटांच्या पैशाने काही होत नाही, खरा पैसा उभा राहतो तो नंतरच्या केकच्या लिलावात. बायका घरून केक करून आणतात, मी पुकारतो. जो घेतो तो पैसे टाकतो आणि म्हणतो, "परत ठेव, एस्टिल." मग तोच केक मी पुन्हा पुकारायचा. पुन्हा कोणी घ्यायचा, पुन्हा परत ठेवायचा. शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या पोराच्या बाळाच्या हृदयाला भोक होतं, तेव्हा एक खोबऱ्याचा केक इतक्यांदा परत आला की त्याच्यावरचं साखरेचं लिंपण गळून ताटात पडलं. लोक हसत होते, रडत होते आणि पैसे टाकत होते. त्या बाळाचं सगळं व्यवस्थित झालं.

पहिला केक आजाऱ्याच्या घरचा असतो. तो किती फिरतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. बाळ असेल, शिक्षिका असेल, चर्चमध्ये गोड गळ्याने गाणारी एखादी म्हातारी असेल, तर मला घसा फोडावा लागत नाही. थर्मन यांपैकी कोणीच नव्हता. थर्मन पाण्याच्या कचेरीतला माणूस होता.

उभ्या आयुष्यात त्याने घरोघरचे मीटर वाचले आणि पाणीपट्टी थकली की पाणी तोडलं. त्यासाठी त्याच्याकडे कमरेएवढी उंच लोखंडी किल्ली असायची. अंगणातलं झाकण उचलायचं, किल्ली खाली सोडायची, पाव फेरा द्यायचा, झालं. त्याची गाडी डोंगराच्या वळणावर दिसली की लोक घरातले दिवे मालवून गप्प बसायचे. मनाने तो वाईट नव्हता. तोडण्याआधी दार वाजवायचा, "बादल्या भरून घ्या, मी थांबतो" म्हणायचा, एखादी बाई एकटी असली तर भरलेल्या बादल्या स्वतः उचलून आत ठेवायचा. मग बाहेर येऊन पाणी तोडायचा. गावाच्या ध्यानात किल्ली राहिली, बादल्या राहिल्या नाहीत.

हिवाळ्यात त्याच्या पोटात गाठ निघाली. उभं राहवेना तेव्हा कचेरीने त्याला नारळ दिला आणि नोकरीबरोबर आजारपणाचा विमाही गेला. नवा विमा कोण देणार? पेटलेल्या घराचा विमा कोणी उतरवत नाही. शहरातला डॉक्टर म्हणाला की गाठ अजून एका जागी आहे, आत्ता कापली तर हा माणूस जगेल, उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर मी काही सांगू शकत नाही. त्याच इस्पितळातल्या खिडकीवरची बाई म्हणाली की निम्मे पैसे आधी भरा, मग तारीख मिळेल. घर गहाण टाकून झालं होतं. उरलेले पैसे या एका जेवणातून उभे करायचे होते.

मी जेवणाचं विचारायला त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. आम्ही ओसरीवर बसलो होतो. त्याची बायको लोरीन आत सुकवलेली सफरचंदं शिजवत होती, वास बाहेरपर्यंत येत होता.

"मी कोणाला फुकट पाणी सोडलं नाही," तो म्हणाला. "आता माझं दुखणं लोकांनी का भरावं?"

"दुखणं म्हणजे काय पाणीपट्टी आहे?" मी म्हणालो.

"मग काय आहे?"

"अरे, माणूस मरायला टेकलाय आणि डॉक्टरला तो वाचवता येतोय. यात हिशेब कसला घालतोस?"

"तहानेनेही माणूस मरतो, एस्टिल. मी हिशेबच घालत आलो ना?" त्याने डोंगराकडे मान वळवली. "पाणी कोणाच्या बापाचं नाही असं लोक मला सांगायचे. मी म्हणायचो, पाणी नाही, पण नळ आहे. आता इस्पितळातली ती बाई मला तेच सांगते, दुसऱ्या शब्दांत. तिच्यावर कसा चिडू?"

 मी आयुष्यभर भाव पुकारलेला माणूस, हा वाद जिंकायला मी कोण? पण त्याचा राग आला. स्वतःच्या मरणातही इतका सचोटीचा राहणारा माणूस बघवत नाही. शेवटी आतून लोरीन आली, हाताला सफरचंदाचा गर तसाच लागलेला, आणि म्हणाली की केक ती करतेच आहे, थर्मन आला तर बरं, नाही आला तर ती एकटी दारात बसेल. तेव्हा तो तयार झाला.

जेवायला माणसं बरी आली. पाळक आला, शाळेतल्या बायका आल्या, खाणीवरची माणसं अंघोळी करून आली. घेवडा स्वस्त आणि व्हर्नाच्या हाताला चव. थर्मन प्रत्येकासाठी खुर्चीतून उठत होता. लोक त्याचा हात धरायचे, कसा आहेस विचारायचे आणि तो "मजेत" म्हणायचा. व्हर्ना मला कोपऱ्यात खेचून म्हणाली की या मूर्खाला सांग, आज तरी मजेत नसू दे.

ओपल साइझमोर उशिरा आली. ती वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, अंगावर तिथलेच निळे कपडे होते. तीन वर्षांपूर्वी थर्मनने तिचं पाणी तोडलं होतं. नवरा सोडून गेलेला, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. सोमवारपर्यंत थांबा म्हणून तिने हात जोडले होते. तुझ्यासाठी थांबलो तर सगळ्यांसाठीच थांबावं लागेल, नियम आहे, असं म्हणून त्याने तिच्या बादल्या आत नेऊन ठेवल्या आणि किल्ली फिरवली. पोर वाचलं, पण त्याच्या एका कानाला तेव्हापासून ऐकू येत नाही. ऐकणं तापाने गेलं की आधीपासूनच तसं होतं, देव जाणे. ओपलच्या मनात त्याचं उत्तर पक्कं होतं. तिलाही थर्मनने उठून हात दिला आणि तिने तो घेतला.

मग मी टेबलावर चढलो. लोरीनचा केक पुढे आणला. पातळ पातळ थर आणि मधे सफरचंदाचा गर, आमच्याकडे सणाला करतात तसा. तिने तो दोन दिवस मुरवला होता. मी नेहमीसारखी थट्टा केली, दहा डॉलरपासून सुरुवात केली.

मागून ओपलने हात वर केला. मला बरं वाटलं, खरं सांगतो. तिनेच सुरुवात केली तर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहणार नाही, असं मला वाटलं. मी पुढे पुकारत राहिलो, बारा, बारा कोण, पण कोणी हललं नाही. पहिल्या फेरीला असं होतं कधीकधी, म्हणून मी तिच्या नावावर केक दिला. तिने पुढे येऊन चुरगळलेली नोट पैशांच्या डब्यात टाकली.

आता ती "परत ठेव" म्हणणार म्हणून मी ताट हातातच धरून होतो. खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. तिने माझ्या हातातून ताट घेतलं.

"मी विकत घेतलाय ना?" ती म्हणाली.

"घेतलास."

"मग घरी नेते."

आणि ती तो केक घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसली. पैसे देऊन घेतलेली वस्तू घरी न्यायची, यात गुन्हा कसला?  पाळक चष्मा पुसत बसला.

दुसरा केक खाणीवरच्या एकाने घेतला. त्याने ओपलकडे बघितलं, थर्मनकडे बघितलं नाही, आणि केक बायकोच्या मांडीवर ठेवला. तिसरा तसाच गेला. चौथ्याला माझ्याने राहवेना. पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही हा वखारीपासूनचा नियम मोडून मी स्वतः वीस डॉलर टाकले आणि ओरडलो, "परत ठेवला!" मग तोच केक पुन्हा पुकारला. दहा म्हणालो, पाच म्हणालो, दोन म्हणालो. समोरची माणसं मी जन्मापासून ओळखतो. त्यांनीच त्या बाळासाठी गाडीचे हप्ते थकवून पैसे टाकले होते. वाईट माणसं नाहीत ती, आणि हेच मला जास्त झोंबलं. वाईट असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यांनी फक्त आपल्या मर्जीने द्यायचं ठरवलं होतं आणि मर्जी या माणसावर नव्हती.

"एस्टिल," दारातून थर्मनचा आवाज आला, "पुढचा घे. लोकांना घरी जायचंय."

मी पुढचा घेतला. सगळे केक एकेकदा विकले गेले. व्हर्ना डबा घेऊन आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. लोरीन रिकाम्या टेबलाचा कागद गुंडाळत होती, तिने वर बघितलं नाही. तारीख मिळणार नव्हती हे आम्हा चौघांनाही कळलं होतं.

लोक उठले. थर्मन रीतीप्रमाणे दारात उभा राहिला. एवढ्या वेळात त्याने कोट काढला नव्हता. लोक केक घेऊन निघाले होते, दोन्ही हात ताटाला, त्यामुळे कोणाला हात मिळवता येईना. मग त्याने दार उघडून धरलं. जड दार आहे ते, आपोआप मिटणारं. तो पाठीने ते रेटून उभा राहिला आणि एकेकाला "सांभाळून, बाहेर पायरी आहे" असं सांगू लागला.

सगळ्यात शेवटी ओपल आली. त्याच्यासमोर थांबली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, तीन वर्षांचं साठलेलं. तिचे ओठ हललेही. पण त्याचे पाय कापताना दिसत होते, दार पेलत नव्हतं त्याला, आणि तिने ते बघितलं.

"मिस्टर नेपियर," ती म्हणाली, "ताट लोरीनबाईंचं आहे. आणून देते मी."

"सावकाश दे, पोरी," थर्मन म्हणाला. "घाई नाही."

ती पायरी उतरून गाडीपर्यंत पोचली, केक शेजारच्या सीटवर ठेवला, गाडी सुरू केली. तोवर तो दार धरूनच उभा होता, आतला उजेड तिच्या पायाखाली पडावा म्हणून.