वल्हवणाऱ्याची पाठ

नवख्या माणसाला मी आधी होडीत पाय ठेवू देत नाही. काठावर उभं करतो आणि भाग पाठ करून घेतो. पुढचं निमुळतं टोक ती नाळ. मागे बिजागरीवर हलतं ते सुकाणू. दोन्ही कडांवर खुंट्या, त्यांत अडकवायची वल्ही. सपाट बुडाची होडी उथळ पाण्यात बरी, पण लाटेला टिकत नाही. निमुळत्या बुडाची डुलते फार, तरी लवकर उलटत नाही. लोक मान डोलावतात आणि लगेच होडीच्या कडेवर बसायला जातात. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी ओरडतो. नौका मंडळातले लोक म्हणतात, भिकनभाऊ फार चिडका.

चिडका आहेच. पण मंडळाने दोन वर्षं मला पाण्यात जाऊ दिलेलं नाही, फक्त काठावर शिकवायला ठेवलंय, हेही त्यांनी सांगावं.

मी मूळचा शिरपूरकडचा. गुजरातेत कतारगामला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतो. समोरच्या लूमवर आनंदा होता, आमच्याच तालुक्यातला. तापीवर बांध झाला, पाणी साठलं आणि हौशी लोकांनी नौका मंडळ काढलं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी नावं घातली. कारखान्यात सगळे हसले. धोटा धरणारे आता वल्ही धरणार म्हणाले. हसू देत. गावाहून आमच्याबरोबर आलेली अशी तापी एकटीच होती.

शहाण्णवच्या भादव्यात आनंदा त्याच बांधावरून खाली गेला. मी वाचलो. पोलिसांनी विचारलं, मंडळाने विचारलं, सगळ्यांना मी एकच सांगितलं, की ऐन वेळी त्याने वल्ही सोडली. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. उरलेलं अर्धं दोन वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

परवा त्याची बायको सुषमा काठावर आली. बरोबर नऊ वर्षांची चंचल. पोरगी पाण्याकडे पाठ करून बाकावर बसली. सुषमा म्हणाली, "भाऊ, माले बी शिकाडा."

"तुम्हाला कशाला वहिनी हे?"

"कसं व्हयनं ते माले देखानं शे."

कसं झालं ते तिला स्वतः बघायचं होतं; नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला? दोरीने काठाला बांधलेली होडी होती, तीत तिला मधल्या फळीवर बसवलं. मी मागे सुकाणूपाशी. वल्ही तिच्या हातात दिली, भाग सांगू लागलो. नाळ म्हटल्यावर ती समोर बघायला लागली, म्हणजे माझ्याकडे.

"नाळ तुमच्या पाठीमागे आहे," मी म्हणालो. "वल्हवणारा नेहमी उलटा बसतो."

तिने दोन-तीनदा पाणी ओढलं. मग थांबली. मान वळवून मागे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे त्यासले पुढलं दिसे नही?"

"नाही."

"तुमले दिसे?"

"हो."

"मंग बांध तुमले दिसना. त्यासले कोनी सांगं?"

बांध मला दिसला होता, मग त्याला कुणी सांगितलं? मी काठावरच्या माणसांकडे पाहिलं. कुणी हाक मारली असती तर उठून गेलो असतो. कुणी मारली नाही.

लूमवर बारा-बारा तास काढले की कान जातात. आनंदाचे माझ्याआधी गेले होते. आम्ही हातांनीच बोलायचो. बोट गोल फिरवलं की सुताची बॉबिन बदल, पंजा वर केला की लूम बंद. पंजा दिसला की दांडी ओढायची, का म्हणून विचारायचं नाही, कारण विचारण्यात कुणाचं तरी बोट जातं. त्या दिवशी वल्ही त्याच्याकडे होती, सुकाणू माझ्याकडे; बांधावरून पाणी सांडत होतं आणि आम्ही फार जवळ गेलो होतो. मी ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही. तेव्हा मी पंजा वर केला.

होडी अशी थांबत नाही. वल्ही उलटी मारावी लागतात, जोर लावून, आणि ते आम्हाला दोघांनाही शिकवलेलं होतं. पण माझा पंजा बघून आनंदाने लूम बंद करावा तशी वल्ही सोडली आणि पुढचं काय, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. एक वल्हं खुंटीतून निसटून गेलं. होडी आडवी झाली. मला दगड सापडला, त्याला नाही.

हे सगळं मी सुषमाला आमच्या बोलीत सांगितलं. "मीच हात वर करा, वहिनी. बंद कर म्हनीसन. त्यानी मन्हं ऐकं."

मला वाटलं, ती वल्हं उचलून माझ्या डोक्यात घालेल. घालायला हवं होतं. पण हुंदकाही न येता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"मी चंचलले सांगं, तुन्हा बाप भेकड व्हता," ती म्हणाली. "घाबरना आनि आपले सोडी गया. पोरगीनी त्यासना फोटो भिंतवरथीन काढी टाका. मी काढू दिधा."

बाप घाबरून आपल्याला सोडून गेला, असंच पोरगी दोन वर्षं समजत होती. सुषमाने डोळे पुसले.

"तिले तुमी सांगा. आते."

पंधरा पावलांवर बाक होता. मी चंचलच्या समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं, हात कसा वर केला तेही करून दाखवलं. पोरगी शाळेत गुजराती शिकते, गुजरातीतच बोलली.

"एटले पप्पा डर्या नहोता?"

"नाही बेटा. तुझा बाप घाबरला नव्हता."

"तो तमे अत्यार सुधी केम ना बोल्या?"

इतके दिवस का बोलला नाहीत, एवढंच विचारत होती. पोलिसांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"मी घाबरलो होतो," मी म्हणालो.