मी फाटले नव्हते, मला कापलं होतं

मी गाळणी बोलतेय. आधीच सांगते, मी फाटले नव्हते, मला कापलं होतं. पण चिंधीचं ऐकतो कोण? मावशीचं ऐकलं नाही, तिथं माझी काय कथा!

थोरल्या भंतेंच्या अंगावरचं वस्त्र, म्हणजे चीवर, विरलं, तेव्हा विहारात पाणी भरणाऱ्या मावशीने त्याच्या धडक्या भागातून मला बेतलं. विहारात पाणी गाळूनच पितात, कुणा जिवाची हत्या नको म्हणून. मावशी मला हंड्याच्या तोंडावर बांधायची, हौदातलं पाणी ओतायची आणि मग मला उलटं करून हौदात खळबळायची. अळ्या आपल्या घरी परत! बारा वर्षं मी त्यांची ने-आण केली. एकीनेही कधी वळून पाहिलं नाही.

एका सकाळी दोरीवरून मला काढलं, तर मधोमध तळहाताएवढं चौकोनी भोक. मावशी मला घेऊन तडक थोरल्या भंतेंकडे गेली.

"भंते, गाळणी कुणीतरी कापली."

चष्मा सावरत ते म्हणाले, "मावशी, तुम्ही पिळता दात-ओठ खाऊन. फाटली म्हणा ना! खोटं कशाला बोलायचं? उद्यापासून पाण्याला हात लावू नका."

पिळून कधी चौकोन पडतो का? पण विचारलं कुणी?

संध्याकाळी थोरल्या भंतेंचं प्रवचन होतं. विषय, असत्य बोलू नये. मावशी शेवटच्या ओळीत बसलेली, मी तिच्या मांडीवर. मध्येच भंतेंनी चष्मा काढला आणि एका फडक्याने पुसू लागले. मावशी ताडकन उठली. पुढे जाऊन तिने मला पसरलं, त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि भोकावर ठेवलं. तंतोतंत बसलं.



शेजारचे धाकटे भंते सावरायला गेले, "भंते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता, जुनं चीवर समजून कापलंत. हेतू नव्हता, म्हणजे दोष नाही."

"कापताना चष्मा नव्हता," थोरले भंते म्हणाले. "मावशींना खोटं ठरवताना होता. मावशी, चुकलो मी. पाणी तुम्हीच गाळा."

"गाळीन की. पण ठिगळ कोण लावणार?" मावशीने सुई पुढे केली.

आता मी पुन्हा हंड्यावर आहे. ठिगळाला चुण्या पडल्यात, त्यात अळ्या अडकतात, खळबळायला दुप्पट वेळ लागतो. एकच मागणं आहे. हे टाके बघून मावशीला नावं ठेवू नका. आधी विचारा, कुणी घातले?

थोरल्या भंतेंनी.