वीरेशच्या नावाची माती

निलंग्यातल्या गुरुबसप्पांच्या घरात त्यांचा धाकटा मुलगा वीरेश राहत नव्हता, तरी दिवसभरात सगळ्यात जास्त आवाज त्याचाच असायचा. तो मेलबर्नला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. लॉकडाऊनच्या आधीच्या दिवाळीत गावी आला, तेव्हा बापाच्या छातीत नुकताच स्टेंट बसला होता. जाताना त्याने पुढच्या खोलीत, वडिलांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर एक पांढरा कॅमेरा बसवून दिला. मोसंबीएवढा. तो मान वळवायचा, ऐकायचा आणि बोलायचाही. पलंग, बाहेरचं दार आणि अर्धं स्वयंपाकघर त्याच्या नजरेत यायचं. त्या अर्ध्या स्वयंपाकघरात थोरली सून महादेवी असायची.

आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वीरेश आठवड्यातून एखाद्या वेळी डोकवायचा, बाबा जेवलात का विचारायचा आणि जायचा. मग जग बंद झालं. मेलबर्नमध्ये तर इतकं कडक की घरापासून लांब गेलं तर दंड, अंधार पडला की संचारबंदी. लग्न व्हायचं राहिलेला माणूस, एका खोलीचा फ्लॅट, ज्या टेबलावर ऑफिस त्याच टेबलावर जेवण. कुणाचा आवाज म्हणून कानावर पडत नव्हता. मग त्याने काय करावं, तर ऑफिसच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात निलंग्याचं घर उघडून ठेवलं, आणि ते पुन्हा बंद केलंच नाही. इकडे बाप दुपारी ताटावर बसला की तिकडे तो संध्याकाळचा चहा घेऊन बसायचा. कुकरची शिट्टी ऐकली की बरं वाटतं म्हणायचा. कीव यावी असंच ते जगणं होतं, आणि सुरुवातीला महादेवीला ती यायचीही. भाजी कसली केली हे ती त्याला आपणहून सांगायची, कढई उचलून दाखवायची.

पण माणूस नुसता बघत किती दिवस बसेल? हळूहळू तो सांगायला लागला. वहिनी, मेथी मिठाच्या पाण्यात धुतली का. दूधवाल्याने भांड्याला हात लावला, मी पाहिलं. बाबांची बीपीची गोळी अजून डबीतच दिसतेय. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं नसेल. महादेवी चपात्या लाटत असली आणि कॅमेऱ्याची मान वळल्याचा बारीक आवाज आला की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. त्या डोळ्यामागे या क्षणी कोण बसलंय, दीरच की त्याच्या शेजारी आणखी कुणी, हे तिला कसं कळणार? नातेवाइकांत मात्र वाहवा चालली होती. एवढ्या लांबून पोरगं बापाचं करून राहिलंय म्हणायचे. करत महादेवी होती. कॅमेऱ्याला डोळे, कान आणि तोंड तेवढं होतं.

तिचा नवरा मन्मथ बी-बियाणं आणि खताचं दुकान चालवायचा. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडलं आणि धाकट्याला शिकू दिलं. त्यामुळे भाऊ म्हणजे आपलीच कमाई असं त्याला वाटायचं, आणि आपल्या कमाईत कोण खोट काढतो? वीरेश म्हणतो म्हणजे विचार करूनच म्हणत असेल, एवढं एक वाक्य त्याने बायकोसाठी राखून ठेवलं होतं.

महादेवीचे वडील बसलिंगप्पा चाकूरजवळच्या एका खेड्यात असायचे. तिचे अप्पा. त्यांच्या पायांना सूज होती, दम लागायचा. संक्रांतीला ती माहेरी जाऊन आली ती शेवटची. त्यानंतर एसटी बंद, जिल्ह्यात नाकेबंदी, श्रावणात तर लातूरला पुन्हा कडक लॉकडाऊन. रोज संध्याकाळी अप्पा बटणांच्या फोनवरून लेकीला फोन लावायचे, स्वतः फारसं बोलायचे नाहीत, नुसतं हं, हं करायचे. सोयाबीन कसं आलंय ते सांगायचे. बरं वाटत नाही असं कधी म्हणाले नाहीत.

त्या श्रावणातच एका सकाळी तिच्या धाकट्या भावाचा, शिवहारचा फोन आला. अप्पा गेले अक्का, पहाटे झोपेतच गेले, दुपारी माती हाय.

लिंगायतांत जाळत नाहीत. माणसाला बसवून, कपाळी विभूती लावून, आपल्याच शेतात मातीत ठेवतात, आणि घरचा एकेक जण ओंजळ भरून माती देतो. लेक कितीही लांब दिलेली असो, ती येईपर्यंत थांबतात. लेकीची माती पडली की बाप मोकळा झाला, असं महादेवीच्या माहेरी सगळेच मानत. निलंग्याहून तिचं गाव मोटारसायकलने दोन तासही नव्हतं. पास काढायला मन्मथची ओळख होती. मातीला वीस माणसांची परवानगी होती आणि त्या विसात लेक बसत होती. मन्मथने गाडी बाहेर काढली. महादेवीने तोंडावर पाणी मारलं आणि परसातल्या बेलाची पानं पदरात बांधून घेतली.

ती पुढच्या खोलीत आली तेव्हा कॅमेऱ्याची मान दाराकडे वळलेली होती. गाडी कशाला काढली, असं वीरेश भावाला विचारत होता. मन्मथने सांगितलं.

"वहिनी, मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय," वीरेश म्हणाला. "पण मातीला सगळे गळ्यात पडून रडणार. तिथून तुम्ही परत याल आणि बाबांना ताट वाढाल. त्यांची छाती कशी आहे तुम्हाला माहितीये."

महादेवी त्या कॅमेऱ्याकडे तोंड करून कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "तुमचे दादा रोज दुकानात बसून राहिलेत, भाऊजी. गावागावची माणसं येऊन राहिलीत. त्याचं काही न्हाई का?"

"दुकान जीवनावश्यक आहे, वहिनी."

तो हे वाईट बुद्धीने म्हणाला नाही. सरकारी आदेशात तसंच होतं, आणि त्याला आदेश तोंडपाठ असायचे. पण महादेवीच्या अंगाची लाहीलाही झाली. पलंगावरून सासरे म्हणाले, "जाऊ द्या रे तिला. बाप गेलाय तिचा." आणि ते ऐकून वीरेश रडायला लागला. मोठा माणूस, एकट्या खोलीत बसून, हुंदके देऊन. बाबा, तुम्हाला काही झालं तर मला येतासुद्धा येणार नाही, विमानं बंद आहेत, मी इथे मरून जाईन, असं काहीबाही बोलत राहिला. त्या छोट्या स्पीकरमधून ते रडणं फाटकं, चिरकं येत होतं आणि बंद करायची सोय नव्हती. गुरुबसप्पा कॅमेऱ्याकडे बघत राहिले, मग सुनेकडे न बघता भिंतीकडे तोंड करून निजले. मन्मथने गाडी पुन्हा आत घेतली. बायकोला तो एक शब्द बोलला नाही, आणि तिने ते त्याला आयुष्यात कधी माफ केलं नाही.

वीरेशने लगेच डोळे पुसले आणि कामाला लागला. हे त्याचं क्षेत्रच होतं. शिवहारच्या शेजाऱ्याला फोन करून त्याने त्याच्या मोबाइलवर काय दाबायचं ते शिकवलं, वहिनींना जोडलं, स्वतः जोडला गेला. आता सगळं जग असंच करतंय, म्हणाला. मीही रोज असाच तुमच्यात असतो की नाही?

महादेवी माजघरात फोन घेऊन बसली. आधी चिखल दिसला, छत्र्या दिसल्या, कुणाची तरी पाठ दिसली. मग अप्पा दिसले. खुर्चीत बसवलेले, डोक्याला पांढरा रुमाल, मान किंचित एका बाजूला. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. अप्पा तसेच राहिले, मान कलती, आणि त्यांच्या तोंडावर एक गोल चक्र फिरत राहिलं. आवाज तेवढा येत होता. जंगम स्वामींचा मंत्र आला, आई रडत होती ते आलं. मग कुणीतरी म्हणालं, चला, एकेकाने माती द्या. नंतर आवाजही तुटला. ती फोन घेऊन परसात पळाली, गच्चीवर गेली, पावसात उभी राहिली. चित्र पुन्हा हललं तेव्हा माणसं हातपाय धूत होती.

घरात आली तर भिंतीतून वीरेश म्हणाला, "सगळं नीट झालं, वहिनी. मला तर शेवटपर्यंत अगदी क्लिअर दिसत होतं. तुम्हालाही दर्शन झालं ना?"

"झालं," महादेवी म्हणाली.

म्हणजे तिच्या बापाला मातीत जाताना मेलबर्नच्या माणसाने पाहिलं आणि निलंग्यातल्या लेकीने नाही. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वीरेशने तिला नेटवर्क बदलून घ्यायला सांगितलं असतं. पदरातली बेलाची पानं तिने दुसऱ्या दिवशी सोडली, तोवर ती काळी पडली होती.

त्यानंतर तिने कॅमेऱ्यावर एकदा टॉवेल टाकून पाहिला. दुपारपर्यंत मन्मथचा फोन तीनदा वाजला, आणि त्याने घरी येऊन तो टॉवेल काढला. वीरेशचं बोलणं पूर्वीसारखंच चालू राहिलं, मेथी, दूध, गोळी. महादेवी हूं म्हणायची आणि करायची. सासऱ्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. फक्त ताट समोर आलं की तू जेवलीस का, असं ते सुनेला विचारायला लागले. महादेवी त्यांच्यावर रागावून बघायची, पण राग धरून ठेवणं जमायचं नाही. म्हातारा चांगला होता, आणि तो निदान जेवणाचं तरी विचारत होता.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात दुसरी लाट आली. गुरुबसप्पांना कोरोना झालाच नाही. एका सकाळी महादेवीने दिलेलं दूध प्यायले, आडवे झाले आणि हृदय बंद पडून गेले. वीरेशने कॅमेऱ्यातून हाका मारल्या, वहिनी, बाबांकडे बघा, बाबा हलत नाहीत, म्हणून ओरडला. तिने धावत येऊन हात लावला तेव्हा अंग अजून गरम होतं. ती त्यांना मिठी मारून रडली. ते रडणं खरं होतं.

वीरेशला यायचा काही मार्गच नव्हता. दुपारी शेतात मोजकीच माणसं जमली. मन्मथला विधी करायचे होते, म्हणून वीरेशला जोडलेला फोन महादेवीच्या हातात आला. शेताला लागूनच टॉवर होता आणि चित्र कुठे अडकत नव्हतं. तिने तो फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. बाबांचा चेहरा दाखवा म्हणाला, तिने दाखवला. पाय दाखवा म्हणाला, पायांकडे नेला. खड्ड्यात उतरवलं, विभूती लावली, बेल वाहिला, सगळं दाखवलं. यात तिने जराही कुचराई केली नाही. मन्मथने माती दिली. मग फोन एका हातात घेऊन तिने वाकून सासऱ्यांना आपली माती दिली, मनापासून दिली, मामा सुखाने जा म्हणाली.

"वहिनी," फोनमधून वीरेश म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "माझ्या नावाची माती तुम्ही द्या. तुमच्या हातानेच द्या. मला दुसरं कुणी नको."

मन्मथने मानेनेच हो म्हटलं. स्वामी म्हणाले, चालतंय, नाव घेऊन द्या, पोहोचते. सगळे तिच्याकडे बघत होते आणि पडद्यातून तोही बघत होता, डोळे सुजलेला, दाढी वाढलेला, एकटा. महादेवीला त्या क्षणीसुद्धा त्याची दया आली. ती वाकली. उन्हाने तापलेली काळी ढेकळं होती, तिने एक मुठीत धरून फोडलं. नाव मनातच घ्यायचं असतं. तिने वीरेशचं नाव घ्यायला घेतलं, आणि ते तिच्या मनात येईना. घ्यायचंच म्हटलं तरी येईना. ती मूठ धरून तशीच वाकून राहिली. मग तिने मनात म्हटलं, अप्पा, ही माझी घ्या, उशीर झाला. आणि मूठ उघडली.

"पडली का, वहिनी?" वीरेशने विचारलं.

"पडली," ती म्हणाली.

तो रडत रडत म्हणाला, की वहिनी, हे उपकार मी कधी विसरणार नाही. बाबांच्या जागी आता तुम्ही. पुढेही तो प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक फोनवर हेच सांगत राहिला, आणि महादेवी ते ऐकत राहिली.

फोन मन्मथकडे देऊन ती बांधावर जाऊन उभी राहिली. छातीवरचं काहीतरी उतरेल असं तिला वाटलं होतं, तसं काही उतरलं नाही. परक्या शेतातून, परक्या समाधीवरून तिची माती चाकूरपर्यंत पोहोचली की नाही, हे तिला कोण सांगणार? वीरेशची मात्र पडली नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यावर भागवून ती हात धुवायला विहिरीकडे गेली.