माझ्या पोटातल्या पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना श्रेडर आहे. श्रेडर म्हणजे नको असलेले कागद कातरायचे यंत्र. गुपित सांगताना तुम्ही आधी विचारता ना, "कुणाला सांगणार नाहीस ना?" मला तसे कधी कोणी विचारले नाही. गोष्ट पोटात ठेवणे हेच माझे काम होते, आणि त्याचा मला गर्वही होता.

पत्र्याची पेटी, आत दातेरी पात्यांचे दोन रूळ आणि खाली डबा, एवढाच माझा संसार. घडवून झाल्यावर मला एका मोठ्या कंपनीत आणले आणि कर्मचारी विभागात, पोलादी कपाटाशेजारी उभे केले. आता नवे श्रेडर कागदाचा अगदी भुगा करतात. मी मात्र लांबच लांब पट्ट्या पाडतो. डबा रिकामा करणाऱ्या मावशी मला टोमणे मारायच्या, "हा मेला नीट चावत नाही, नुसता गिळतो!" मला राग यायचा, पण बोलणार कसा?

या विभागाच्या ताई मात्र मला जपत. कागद घालण्यापूर्वी त्या एकेक पिन काढत, म्हणून माझे दात शाबूत राहिले. शेवटची पट्टी खाली पडेपर्यंत त्या जागच्या हलत नसत. "कुणाच्या घरातली गोष्ट आहे ही, अशी उघडी कशी टाकू?" असे त्या म्हणायच्या. ते ऐकून मी फुगून जायचो.

यंदा कंपनीने क्रेन आणि गाड्या चालवणाऱ्या साठ जणांना सांगितले, की आपला काही आजार असेल तर तो स्वतःच्या हाताने लिहून द्या. ताईंनी प्रत्येक पत्र वाचायचे, नोंद करायची आणि पत्र नष्ट करायचे, असे ठरले. वरचे दादाही आले. ते उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसतात, म्हणून सगळे त्यांना वरचे दादा म्हणतात. मुलीच्या गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद फाडून त्यांनी पत्र लिहिले होते.

"ताई, हे मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही."

"निर्धास्त राहा, दादा. माझ्यात आणि या यंत्रात राहील."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, की यादी आजच्या आज हवी. ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. माझ्या डोक्यावरच भिंतीला सूचना लावलेली होती, की कर्मचाऱ्यांची माहिती बाहेरच्या एआयला देऊ नये. ती ताईंनीच चिकटवली होती. तरीही त्यांनी मोबाइल काढला, साठही पत्रांचे फोटो घेतले आणि एका फुकटच्या एआयला सांगितले, "याचा तक्ता करून दे." तक्ता चुटकीसरशी तयार झाला. ताईंनी तो पत्रांशी ताडून न बघताच साहेबांना पाठवला.

मग त्यांनी पत्रांच्या पिना काढल्या, ती एकेक करून माझ्यात घातली आणि शेवटची पट्टी पडेपर्यंत नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. एवढी काळजी बघून मला हसावे की रडावे तेच कळेना. खरे सांगतो, मला भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी वरचे दादा खाली आले. मागे साहेब होते. तक्त्यात दादांच्या नावापुढे 'फिट येतात, क्रेनसाठी अपात्र' असे आले होते. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत क्रेनवरून उतरवले होते.

"ताई, मी काय लिहिलं होतं ते सांगा ना यांना," दादा म्हणाले. "लहानपणी यायच्या. चौदाव्या वर्षी शेवटची आली. बावीस वर्षं झाली त्याला!"

"नोकरीवर आलं की माणूस काहीही म्हणेल," साहेब म्हणाले. "पत्र कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नियमाप्रमाणे नष्ट केले, एवढे म्हटले असते तरी ताई सुटल्या असत्या. पण त्यांनी दादांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"साहेब, ते पत्र मी वाचलंच नाही. फोटो काढून बाहेरच्या एआयला दिले."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

दारातून मावशी म्हणाल्या, "डबा अजून तसाच आहे हो. माझी पाठ धरलीय, म्हणून उचलला नाही."

डबा जमिनीवर ओतला. चौकटीच्या पट्ट्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. ताई आणि दादा गुडघ्यांवर बसून त्या कोऱ्या कागदावर चिकटवत राहिले. दोन तास गेले. आणि नेमकी वयाचा आकडा असलेली पट्टी सापडेना! मावशींनी माझे झाकण उघडले आणि पात्यांत अडकलेली ती पट्टी अलगद ओढून काढली. तिच्यावर '१४' लिहिलेले होते. नीट न चावल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदाच आनंद झाला.

साहेबांनी पत्र दोनदा वाचले. "उद्यापासून क्रेनवर या," ते दादांना म्हणाले. मग ताईंना म्हणाले, "तुम्ही माझ्या खोलीत या."

"दादा, चुकलं माझं," ताई म्हणाल्या.

दादांनी तो जोडलेला कागद त्यांच्या हातात दिला. "हा परत कातरून टाका." ताईंनी तो माझ्यात घातला. मी या वेळी जिवाच्या आकांताने चावलो. शेवटची पट्टी पडेपर्यंत दादाही तिथेच उभे होते.

"आणि ताई," त्यांनी हळूच विचारले, "ते मोबाइलमध्ये दिलंत, ते कुठं कातरायचं?"

ताई मोबाइल हातात घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. लवकरच भंगारात जाईन, त्याचे मला दुःख नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, मोठ्या कंपन्यांत बसाल आणि चुटकीसरशी काम करणारी यंत्रे तुमच्या हाताशी असतील. ती जरूर वापरा. पण दुसऱ्याने विश्वासाने दिलेला कागद आधी स्वतः वाचा, आणि तो बाहेर देण्यापूर्वी त्या माणसाचा चेहरा आठवा. त्या दिवशी साठ जणांची पत्रे बाहेर गेली. माझ्या डब्यातून पुन्हा जोडले गेले ते एकाचेच.